आटे गेले आणि मग शहाणपण आलं

गेल्या पावसाळ्यात बाईकचं ऑइल घरीच बदलत होतो. ड्रेन नट, म्हणजे खालून ऑइल सोडायचा नट, आवळताना टॉर्क रेंच (ठरवलेला जोर लागला की 'कट्' करून सांगणारा पाना) कधी 'कट्' करतोय याची वाट बघत होतो आणि कट् व्हायच्या ऐवजी नट एकदम हलकाच झाला, नुसता गोल गोल फिरायला लागला. पोटात गोळाच आला. इंजिनाचा तळ अ‍ॅल्युमिनियमचा आणि नट स्टीलचा, मग आटे कोणाचे जाणार ते सांगायला नकोच.

चूक माझीच होती. रेंच होता अर्ध्या इंचाचा, म्हणजे गोटी बसवायचा चौकोन चार सुती, आणि 28 ते 210 न्यूटन मीटर (आवळायच्या जोराचं माप) रेंजचा, कारच्या चाकांसाठी घेतलेला. मॅन्युअलमध्ये ड्रेन नटला 24 लिहिलंय. म्हटलं 28 च्या खाली जरा अंदाजाने फिरवू, काय होतंय! एवढ्या मोठ्या पान्याला खालच्या टोकाला कट् झालेला हाताला कळतच नाही, त्यात लांब दांडा, जोर लावतोय असं वाटतही नाही. लेथवाल्याने भोक मोठं करून आत स्प्रिंगसारखी कॉइल बसवून दिली, वर म्हणाला, "साहेब, साध्या पान्यानेच आवळायचं ना."

तर बाईक आणि कार दोन्ही असेल तर पहिला टॉर्क रेंच घ्यायचा तो तीन सुती, 3/8 वाला, साधारण 5 ते 60 किंवा 10 ते 100 चा. ड्रेन नट, ब्रेक कॅलिपरचे बोल्ट, बाईकची बरीच कामं त्यात होतात. चाकाचे नट 85 ते 110 च्या आसपास असतात, त्याला चार सुती नंतर घ्या. आपला आकडा रेंजच्या मधोमध कुठेतरी यायला हवा, अगदी टोकाला नको, बाकी ब्रँड वगैरे नंतर बघा. डिजिटलच्या भानगडीत मी पडलो नाही, सेल संपला की नेमका रविवार असतो.

आणि हो, टॉर्क रेंचने नट सोडवायचा नाही, त्याला साधा गोटी पाना आहे. काम झालं की सेटिंग सगळ्यात खालच्या आकड्यावर आणून ठेवायचं, पण त्याच्याही खाली नाही. आट्यांना ऑइल लागलेलं असेल तर त्याच आकड्याला नट जास्त ताणला जातो, म्हणून मॅन्युअल कोरडं म्हणत असेल तर फडक्याने पुसून घ्या.

नवीन तीन सुती आणला तेव्हा घरीच चेक केला. चौकोन व्हाइसमध्ये पकडला, दांडा आडवा ठेवला, आणि चौकोनापासून बरोबर 30 सेंमीवर, मुठीवर, 10 किलोचं वजन टांगलं, म्हणजे 29 आणि पान्याचं स्वतःचं वजन धरून 30 च्या थोडं वर. 27 ला लावला तर कट् झाला, 35 ला लावला तर झाला नाही. वजन होतं किराणावाल्याकडून आणलेली तांदळाची 10 किलोची पिशवी, ती दांड्यावरनं घसरून पडली तेव्हा घरातून काय ऐकावं लागलं ते इथे लिहीत नाही.