पीटरचं काय झालं?

गुन्ह्याचा आरोप असलेल्या मुलाला बाल न्याय मंडळापुढे पहिल्यांदा हजर केलं की 15 दिवसांत सामाजिक तपासणी अहवाल द्यावा लागतो. परिविक्षा अधिकारी, म्हणजे प्रोबेशन ऑफिसर, म्हणून ते काम माझं. अहवालाचा नमुना ठरलेला असतो. घरात माणसं किती, कमावतं कोण, शाळा कधी सुटली, मित्र कसले, व्यसन आहे का, मारहाण होत होती का. मग गुन्ह्यामागचं कारण: पालकांचं दुर्लक्ष, वाईट संगत, आणखी काही. या रकान्यांनी मूल बरंचसं कळतं. राजूच्या बाबतीत मात्र सगळे रकाने भरून झाले, तरी माझ्या हाती काही लागलं नव्हतं.

राजू हे त्याचं खरं नाव नाही. बाल न्याय अधिनियमाच्या 74 व्या कलमाने ओळख उघड करता येत नाही, करूही नये, म्हणून तपशीलही थोडे बदलले आहेत. वय 16. चोरीचा मोबाइल त्याच्याकडे आहे, हे वर्गातल्या एका मुलाने सरांना सांगितलं. संध्याकाळी मैदानामागे राजूने त्याला गाठलं, खाली पाडलं आणि तो निपचित पडेपर्यंत मारलं. विचारलं की उत्तर एकच, "त्यानं नाव घेतलं माझं." पुढे काही नाही. रडणं नाही, रागही नाही.

चौकशी चालू असेपर्यंत अशा मुलांना ठेवतात त्या निरीक्षणगृहात आठवड्यातून एकदा जेवणाआधी आम्ही चटया टाकून गोष्ट वाचतो. मी इंग्रजी पुस्तक हातात धरते आणि मराठीत सांगत जाते. त्या वेळी मी मुद्दाम बेन मिकेलसन यांची 2001 ची किशोरांसाठीची कादंबरी घेतली होती, 'टचिंग स्पिरिट बेअर'. त्यातला कोल मॅथ्यूज 15 वर्षांचा, अमेरिकेतल्या मिनिआपोलिसचा. तो दुकान फोडतो आणि वर फुशारकी मारत हिंडतो. पीटर ड्रिस्कल नावाचा मुलगा ते पोलिसांना सांगतो. कोल त्याला धरून त्याचं डोकं फुटपाथवर आपटतो. पीटर वाचतो, पण त्याची जीभ अडखळायला लागते, चालताना तोल जातो. तुरुंगाऐवजी कोलला अलास्काच्या किनाऱ्यालगतच्या एका बेटावर वर्षभर एकटं राहायला पाठवतात. पोचल्या पोचल्या तो राहायची खोपटी जाळून टाकतो.

"असं बेटावर खरंच पाठवतात का, मॅडम?" एकाने विचारलं. मी सांगितलं, अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात एका पिझ्झावाल्याला मारहाण करणाऱ्या, अलास्कातल्या ट्लिंगिट या आदिवासी जमातीच्या दोन मुलांना 1994 साली असंच वेगवेगळ्या बेटांवर पाठवलं होतं. त्या माणसाची नजर आणि ऐकणं कायमचं अधू झालं. पुढे न्यायाधीशांनी तो प्रयोग थांबवला आणि मुलं तुरुंगात गेली.

मग कोलच्या वडिलांचा भाग आला. ते दारू पिऊन त्याला पट्ट्याने मारतात. मला वाटलं होतं, इथे मुलं हळवी होतील. झालं उलटंच. मागच्या चटईवरचा एकजण म्हणाला, "माझा बाप बी पट्ट्यानंच मारायचा. मी कुणाचं डोकं फोडलं नाही. मी गाडी उचलली." दुसऱ्याने लगेच दुजोरा दिला. त्यांचं बरोबर होतं. बापाच्या माराने मुलगा कुठून आला ते कळतं. पण त्या संध्याकाळी, त्याच मुलावर त्याचा हात का उठला, हे त्याने कळत नाही. अहवाल लिहिताना आम्ही या दोन गोष्टी फार पटकन जोडून टाकतो.

पुढे बेटावर एका पांढऱ्या अस्वलाने कोलला फाडलेलं असतं. तो चिखलात पडलेला असतो, हलता येत नसतं. वादळात झाड कोसळलेलं असतं आणि त्यावरच्या घरट्यातली पिल्लं मेलेली असतात. मरण्याआधी त्यांना किती दुखलं असेल, हा विचार त्याच्या मनात तेव्हा पहिल्यांदा येतो. पोरांचा गलका चालू होता, "अस्वलाचं सांगा, अस्वल परत येतं का?" राजू चटईची सुटलेली प्लास्टिकची पट्टी अंगठ्याच्या नखाने सोलत बसला होता. मान वर न करता त्याने विचारलं, "पीटरचं काय झालं? तो नीट बोलायला लागला का?"

इतक्या दिवसांत त्याने कुणाही दुसऱ्याबद्दल विचारलेला हा पहिला प्रश्न होता.

नंतर तो ऑफिसात आला, मी बोलावलं नव्हतं. दारातच उभा राहून म्हणाला, "त्याला डाव्या कानानं ऐकू येत नाही. मंडळात त्याची आई सांगत होती. मला वाटलं, वाढवून सांगतेय." मी म्हटलं, "आता काय वाटतं?" बराच वेळ गप्प राहून म्हणाला, "पीटरचं तर कुणी वाढवून सांगत नव्हतं."

त्या वाक्याने मला तो कळला. त्या मुलाचा कान राजूपुढे आला तो पोलिसांच्या कागदातून, वकिलाच्या तोंडून, दवाखान्याच्या सर्टिफिकेटमधून. प्रत्येक वेळी त्याच्याविरुद्धचा पुरावा म्हणून. पुराव्यापासून कुणीही स्वतःला वाचवणारच. पीटरचं दुखणं त्याच्या अंगावर कुणी टाकलं नव्हतं, म्हणून त्याला ते नीट पाहता आलं. आपल्याकडे जखमी झालेला मुलगा आणि मारणारा मुलगा शांतपणे समोरासमोर बसतील, अशी वाट सहसा काढलीच जात नाही. मला ही फार मोठी उणीव वाटते.

अहवालात मी हे सगळं लिहिलं, राजूच्या शब्दांसकट. मंडळाने 18 व्या कलमाखाली त्याला आईच्या हमीवर परिविक्षेवर, म्हणजे देखरेखीखाली, सोडलं. सोबत समुपदेशन आणि समाजसेवेचा आदेश दिला. पुस्तक त्याने माझ्याकडून पुढच्या भेटींमध्ये पूर्ण ऐकून घेतलं. पीटर स्वतः बेटावर येतो, कोलला बडवतो, कोल हात उचलत नाही, आणि शेवटी दोघं मिळून एक वर्तुळ कोरतात. राजूला ते पटलं नाही. "एवढ्यात कोण माफ करतं?" मलाही तो शेवट घाईचा वाटतो, तसं मी त्याला सांगितलं.

मागच्या भेटीत त्याने विचारलं, कानाच्या मशीनला किती पडतात. मी सांगितल्यावर त्याचा चेहरा उतरला. पीडितांच्या भरपाईसाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो, हे त्या मुलाच्या आईला कुणी सांगितलंच नव्हतं. मी मंडळातल्या समाजसेविका सदस्यांकरवी निरोप दिला. आईने अर्ज केला आहे. राजूला हे सांगितलं, तेव्हा त्याने पहिल्यांदा विचारलं की, तो शाळेत जातो का. जातो, म्हटलं. पहिल्या बाकावर बसतो, उजवा कान फळ्याकडे करून.