आमची वाटचाल : शनिवारचे सोळा पानी पाकीट

विज्ञान, समाज आणि उद्याचे जग यांवरचे तीन लेख निवडायचे, लेखकांची परवानगी मिळवून ते मराठीत आणायचे आणि दर शनिवारी सोळा पानांचे पाकीट वर्गणीदारांना टपालाने धाडायचे, हा उद्योग आम्ही १९९६ साली पुण्यात सदाशिव पेठेतल्या दोन खोल्यांत सुरू केला. भांडवल म्हणजे एक जुने सायक्लोस्टाइल यंत्र, म्हणजे मेणाच्या स्टेन्सिलमधून शाई झिरपवून प्रती काढणारे. टंकयंत्राची रिबन बाजूला करून उघड्या टाइपाने मेणाच्या स्टेन्सिलवर टंकताना ठोका हलका पडला तर अक्षर उमटत नाही आणि जड पडला तर ‘ठ’चे पोट गळून पडते, हे ज्यांनी केले आहे त्यांना सांगायला नको.

मार्च १९९७चा एक अंक प्रौढ मेंढीच्या पेशीपासून तयार केलेल्या प्रतिकृतीवर, म्हणजे डॉली मेंढीवर होता. माणसाची प्रतिकृती कधी निघणार, एवढीच चर्चा तेव्हा जिकडेतिकडे चालली होती. आम्ही पहिल्या लेखात केंद्रक काढलेल्या बीजांडात कासेच्या पेशीचे केंद्रक कसे रुजवले ते दिले. दुसऱ्यात महाराष्ट्राने १९८८ साली, केंद्राच्या सहा वर्षे आधी, गर्भलिंगनिदानाविरुद्ध केलेल्या कायद्याची आठवण दिली, कारण तेव्हाही तंत्र आधी आले होते आणि कायदा मागून. तिसरा लेख प्रतिकृती म्हणून जन्मलेल्या अपत्याची आई कोणाला म्हणायचे, यावर होता. एका पाकिटातले तीन लेख एकमेकांना प्रश्न विचारणारे हवेत, ही आमची निवडीची कसोटी आहे.

मात्र २७७ प्रयत्नांतून एकच कोकरू जन्मले, ही संख्या आमच्याकडून २२७ अशी छापली गेली. चौथ्या दिवशी मिरजेहून आमचे जुने वर्गणीदार असलेल्या निवृत्त विज्ञानशिक्षकांचे कार्ड आले : “२२७ नव्हे, २७७. शास्त्रज्ञांचे अपयश पन्नासने कमी करू नका.” पुढच्या अंकात पहिल्याच पानावर आम्ही दुरुस्ती दिली.

तीन महिन्यांनी शहरातल्याच एका बड्या व्यावसायिकाने निम्म्या वर्गणीत तशीच पाकिटे काढली. डॉलीचा लेख आमचाच होता, वाक्यावाक्याने आमचा, आणि त्यात २२७ जसेच्या तसे होते. एकेका परवानगीपत्रासाठी आम्ही दोन-दोन महिने थांबत होतो. त्यांनी आमची चूकसुद्धा विनापरवाना उचलली. आमचे सहाशे चाळीस वर्गणीदार दिवाळीपर्यंत एकशे नव्वदवर आले आणि कागदाची उधारी फेडायला मला स्कूटर विकावी लागली. त्या वेळी मिरजेचे सर दोन्ही पाकिटे पिशवीत घालून सांगली-मिरजेच्या शाळाशाळांतून हिंडले, शिक्षकांना तो आकडा दाखवला आणि त्र्याहत्तर वर्गण्या मनीऑर्डरने पाठवल्या. त्यांतून आम्ही तगलो. समोरच्यांनी दीड वर्षाने गाशा गुंडाळला, पण दिलगिरीचा एक शब्द आजतागायत आलेला नाही आणि त्याची सल गेलेली नाही.

पुढची वर्षे सुरळीत गेली. या व्यवसायात येणाऱ्यांनी परवानगी लेखीच घ्यावी, आकडे मूळ शोधनिबंधावरूनच ताडावेत आणि दुरुस्ती कधीही शेवटच्या पानावर दडवू नये. आमचा दुरुस्तीचा अंक आणि त्यांचे ते पाकीट कपाटात शेजारी-शेजारी आहेत. नव्या सहकाऱ्याला पहिल्या दिवशी मी तीच दोन वाचायला देतो आणि फरक त्याला स्वतःला सापडेपर्यंत अनुवादाचे काम सोपवत नाही.