चादरीवरची विहीर

जुन्नर तालुक्यातल्या एका गावात मारुतीच्या देवळापुढे आम्ही चादर अंथरली. चादरीवर चोवीस चौकोन, दिवसाच्या चोवीस तासांचे. पिवळी बटणं म्हणजे सूर्याची वीज, काळी म्हणजे कोळशाची. प्रत्येक खेळाडूकडे पाच एचपीचा पंप आणि दोन एकर रान. एखाद्या चौकोनात बटणांपेक्षा पंप जास्त झाले, की फीडर, म्हणजे पंपांना वीज देणारी लाईन, ट्रिप. सगळ्यांचंच पाणी बंद.

हा खेळ घेऊन मी गावोगाव फिरते. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ सालची. २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा आला, पुढे उद्दिष्ट १६,००० मेगावॉटपर्यंत गेलं. सबस्टेशनजवळ सौर प्रकल्प उभारायचा आणि पंपांना दिवसा लाईट द्यायची. सभेत हे सांगितलं की लोक माना डोलावतात आणि उठून जातात. खेळायला बसले की मात्र भांडतात, आणि मला ते भांडणच हवं असतं.

पहिली फेरी काळ्या बटणांची. तात्यांनी न विचारता पंप रात्री दोनच्या चौकोनात ठेवला. “आमची पाळी रात्रीचीच.” शेजारच्या ताई म्हणाल्या, “हे पाण्याची दारं धरायला गेले की मी जागीच असते. उसात बिबट्या आहे.” चादरीभोवती कोणी काही बोललं नाही. त्या भागात हे कोणाला समजावून सांगावं लागत नाही.

मग सकाळी आठ ते पाचच्या चौकोनांत पिवळी बटणं मांडली. सगळ्यांनी पंप दुपारी बारावर लावले आणि फीडर ट्रिप झाला. पुढच्या फेरीत त्यांनी आपणहून तास वाटून घेतले, तू सकाळी, मी दुपारी. बॅटरी न लावता सूर्याची वीज वापरायची तर ऊन आहे तोवरच वापरायची, हे त्यांच्या हातांनीच मांडलं गेलं. मला वाटलं, आजचं काम झालं.

तेवढ्यात मागे बसलेल्या मावशी म्हणाल्या, “मॅडम, खेळात लाईट आहे. पाणी कुठंय?”

त्या उठल्या. देवळातून पाण्याने भरलेला तांब्या आणि पळी घेऊन आल्या आणि तांब्या चादरीच्या मधोमध ठेवला. “ही विहीर. एक पंप, एक तास, एक पळी.”

आम्ही पुन्हा सुरुवातीपासून खेळलो. रात्रीच्या फेरीत कोणी दोन तासांच्या वर पंप चालवला नाही. झोप, थंडी, भीती. दिवसाच्या फेरीत मात्र कोणालाच थांबावंसं वाटेना. साडेसात एचपीपर्यंतच्या पंपांना २०२४ पासून वीजबिलही नाही, मग बटण बंद कशाला करायचं? तिसऱ्या फेरीत पळी तांब्याच्या बुडाला घासली. पितळेवर पितळेचा तो आवाज सगळ्यांनी ऐकला. तीन वर्षं मी हा खेळ खेळवतेय. विहीर त्यात नव्हती, हे मला त्या दिवशी दिसलं.

तात्या चिडले. “म्हणून काय आम्ही रात्रीच मरायचं?”

“कोण म्हणतंय?” मावशी म्हणाल्या. “दिवसाचीच लाईट पाहिजे. पण ऊस किती लावायचा ते आधी ठरवा.”

पुढचा तासभर माझी गरजच उरली नाही. एका एकरावर ऊस आणि एकावर ठिबकवरचा कांदा, की दोन्हीकडे कांदा? पाहुण्याच्या बोअरने आपली विहीर कधी आटली, कोणाचा पाट फुटका आहे, सगळं निघालं. आवाज चढले, बटणं इकडची तिकडे झाली. सगळं ठिबकवर घ्यायचं तर पैसा कुठून आणायचा, या प्रश्नाचं उत्तर माझ्याजवळ नव्हतं आणि मी तसं सांगितलं. शेवटी एक एकर ऊस, एक एकर ठिबकवर कांदा असं ठरवून चौथी फेरी खेळले. संपली तेव्हा तांब्यात दोन बोटं पाणी होतं.

मावशींनी ते तुळशीला घातलं, तांब्या पदराने पुसला आणि माझ्या हातात दिला. “पुढच्या गावाला घेऊन जा. पळी देवाची आहे, ती ठेवते.”