फिल्म निघाली, एलेव्हेटर गुळगुळीत!

आज देवगडच्या शेडमध्ये माझ्या विमानाच्या एलेव्हेटरवरची (शेपटीवरचा, नाक वर-खाली करणारा हलता भाग) पॉलिएस्टर फिल्म, म्हणजे प्लास्टिकचा पातळ पापुद्रा, सोलली. खाली आरशासारखा पृष्ठभाग! फार आनंद झालाय.

घरी विमान बांधताना माझा सगळा जीव एलेरॉन (पंखावरचा हलता भाग) आणि एलेव्हेटरवर. तिथला खडबडीतपणा पुट्टीने झाकणं मला पटतच नाही. पुट्टीचं वजन बिजागरीच्या मागे पडतं, तोल बिघडतो आणि वेगात फ्लटर (अनावर थरथर) सुरू झाला तर तो भाग क्षणात तुटू शकतो. म्हणून शेवटचा तोल रंग दिल्यानंतरच तपासायचा.

पुट्टीऐवजी माझी पद्धत अशी: फोमवर ग्लासक्लॉथ (काचतंतूंचं कापड), इपॉक्सी रेझिन, वर फिल्म. मग स्क्वीजीने (रबरी पट्टीने) मधून कडेकडे हवा आणि जादा रेझिन बाहेर. इपॉक्सी फिल्मला चिकटत नाही. शिवाय आपल्या दमट हवेत इपॉक्सीवर येणारा मेणचट थर फिल्मखाली आलाच नाही. उघड्या कडांवर आला, तिथे पाण्याने धुऊन मगच सँडिंग.

शेजारचे होडी बांधणारे काका बराच वेळ हात फिरवत होते. "पॉलिएस्टर रेझिन कित्याक नाय वापरलंस रे?" त्यातल्या स्टायरीनने माझा पॉलिस्टायरीन फोम विरघळेल, हे त्यांना तुकड्यावर करून दाखवलं.

उद्या ऊन चढायच्या आत दुसरी बाजू. काका मदतीला येतायत.