दत्तजयंतीची ओहोटी

दुपारचे तीन वाजून वीस मिनिटं झाली होती. दत्तजयंती होती, शेजारच्या झेरॉक्सवाल्यांनी सुंठवड्याची पुडी आणून टेबलावर ठेवली होती. ती सोडत होते तेवढ्यात फोन वाजला. अंदमानातल्या हॅवलॉक बेटावरून काका, मी सहल ठरवून दिलेलं गिऱ्हाईक.

"ताई, पोचलो आम्ही. खोली चांगली आहे. पण समुद्र कुठाय?"

मला आधी कळेचना. पाच नंबर बीचवरचं रिसॉर्ट, खोलीच्या पायरीपासून पाणी पंचवीस पावलांवर, फोटो मी स्वतः पाठवले होते. म्हटलं, काका, मागच्या बाजूला असाल, पुढे या. ते म्हणाले, "पुढेच उभा आहे. समोर नुसते काळे दगड आणि शेवाळ. पाणी पार तिकडे लांब. ही झाडाखाली खुर्ची टाकून बसलीय. हिला पाण्यात बसायचं होतं ताई, तुम्हाला सांगितलं होतं मी."

सांगितलं होतं. काकूंचे दोन्ही गुडघे बदललेले. बार्शीत जन्म, अंबरनाथला संसार. समुद्र त्यांनी पाहिला होता, पण लाटांची आणि गर्दीची भीती, त्यामुळे आयुष्यात कधी पाण्यात बसल्या नव्हत्या. काकांनी निवृत्तीच्या पैशांतून मुलगा, सून, नातू अशी पाच जणांची सहल ठरवली होती आणि माझ्यासमोर बसून एकच अट घातली होती : "फार महाग नको, पण हिला निवांत पाण्यात बसता आलं पाहिजे."

सोळा वर्षं मी ठाण्यात सहली ठरवून देण्याचा व्यवसाय करते. अंदमानची पॅकेजेस किती बांधली याचा हिशेब नाही. काकांसाठी मी तीन रिसॉर्टचे दर काढले होते, खोलीचा आकार पाहिला होता, नाश्ता धरलाय का, रद्द केल्यास किती कापतात, लोकांनी काय लिहिलंय, सगळं तपासलं होतं. 'बीच फ्रंट' असूनही दर आवाक्यात, म्हणून हे निवडलं. आणि त्या दिवशी हातात दत्तजयंतीचा प्रसाद असूनही आज पौर्णिमा आहे आणि पौर्णिमेला उधाणाची भरती तशीच पार खालपर्यंत ओहोटी असते, हे माझ्या डोक्यात आलं नाही. मी रेवदंड्याची. माझे वडील तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ सांगायचे. अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. अष्टमीच्या सुमारास भांग, तेव्हा पाणी फार चढतही नाही आणि फार उतरतही नाही. हे मी पाढ्यांसारखं शिकले आणि रिसॉर्ट निवडताना एकदाही वापरलं नाही. काकांशी बोलताना घसा दाटून आला होता.

हॅवलॉकवर आमच्या गाड्या पाहणारा एक तरुण आहे. त्याचे आजोबा पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांपैकी. पन्नासच्या दशकात सरकारने ती कुटुंबं तिथे वसवली, म्हणून बेटावरच्या गावांची नावं गोविंदनगर, विजयनगर, राधानगर अशी. बीचना मात्र अजून नंबरानेच हाक मारतात. २०१८ च्या डिसेंबरात बेटाचं नाव स्वराज द्वीप झालं, तरी बुकिंगला येणारं प्रत्येक जण हॅवलॉकच म्हणतं. त्या मुलाला फोन लावला तर तो पहिल्याच वाक्यात म्हणाला, "दीदी, आज तो पूर्णिमा है. तीन नंबर, पाँच नंबर में अभी पानी नहीं मिलेगा. मैं सात नंबर ले जाता हूँ, मगर जल्दी, पाँच बजे सूरज चला जाएगा."

तिकडे डिसेंबरात सूर्य पाचच्या सुमारास मावळतो. घड्याळ आपलंच, पण बेट पूर्वेला बरंच लांब. पावणेचारला गाडी निघाली. सात नंबर म्हणजे राधानगर, पश्चिम किनारा, रुंद वाळू, दगड नाहीत. २००४ मध्ये 'टाइम' मासिकाने आशियातला सर्वोत्तम किनारा म्हणून गौरवलेला. सगळे सूर्यास्ताला तिथेच जातात. काकूंना मऊ वाळूत चालणं कठीण गेलं, त्यांच्या मुलाने हात धरून नेलं. लाटा लहान होत्या तरी त्या घाबरल्या. ओल्या वाळूवर खुर्ची ठेवून पाय भिजवले. काकांनी फोटो पाठवला. मी तो पाहून बरं वाटून घेण्याचा प्रयत्न केला, पण ते काही पाण्यात बसणं नव्हतं.

रात्री गाड्या पाहणाऱ्या त्या तरुणाने भरती-ओहोटीचं कोष्टक पाठवलं. भारतीय सर्वेक्षण विभाग दरवर्षी ते छापतो, त्यात पोर्ट ब्लेअरच्या, म्हणजे आता श्री विजयपुरमच्या वेळा असतात. वडिलांची पाऊणपट तिथे चालत नाही. आपल्याकडे पौर्णिमेला भरती अकरा-बाराला, तिकडे साडेनऊ-दहाला. म्हणजे पुरती ओहोटी दुपारी साडेतीन-चारला, नेमकी पर्यटक बोटीतून उतरून, जेवून, पोहायचे कपडे घालून बाहेर येतात तेव्हा. चढउतार तसा मुंबईच्या निम्मासुद्धा नसेल, दीड-दोन मीटरच. पण पूर्व किनाऱ्यावर प्रवाळखडकाचा सपाट कट्टा लांबवर पसरलाय, त्यामुळे तेवढ्या उताराने पाणी पार दूर जातं.

काकांना सांगितलं, उद्या नाश्ता लवकर उरका आणि नऊ वाजता दारासमोर उभे राहा.

दुसऱ्या दिवशी साडेनऊला व्हिडिओ आला. पाणी समुद्री महुआच्या झाडांच्या मुळांपर्यंत चढलं होतं. कट्ट्यावर लाटा फुटून आत येईपर्यंत मरगळतात, त्यामुळे तळ्यासारखं शांत. पायात रबरी चपला घालून काकू कमरेएवढ्या पाण्यात बसल्या होत्या, सून एका बाजूला, नातू दुसऱ्या. तासभर बसल्या म्हणे. राधानगरच्या लाटांमध्ये त्यांना हे कधीच जमलं नसतं. काल ज्या जागेसाठी मी स्वतःला दोष देत होते, तीच जागा त्यांच्या गुडघ्यांना बेटावर सगळ्यात योग्य होती, फक्त सकाळी. काकांना चार रात्रींत तीन सकाळी मिळाल्या. भरती रोज पाऊण-एक तास पुढे सरकते, तसे त्यांनी नाश्ता-जेवणाचे बेत बदलले. पैसे परत करावेत असं काही रिसॉर्टने केलं नव्हतं. बीच फ्रंट म्हणाले, आणि बीच समोर होताच.

फेब्रुवारीत मी स्वतः गेले, मुद्दाम अमावास्या धरून, कारण तेव्हाही पौर्णिमेसारखीच पार खालपर्यंत ओहोटी असते. एजंटांना रिसॉर्टवाले सकाळी बोलावतात, मी दुपारी तीनची वेळ मागितली. तीन नंबर ते पाच नंबर असा किनारा वही घेऊन पायी चालले. प्रत्येक ठिकाणी मॅनेजर मला आधी खोली दाखवायला नेत. मी म्हणायचे, आधी समोर जाऊया. सगळ्यात महागड्यांपैकी एकासमोर दगडांवरून किती पावलं गेलं की पाणी लागतं ते मोजायला घेतलं, दोनशेच्या पुढे मोजणं सोडलं. तिथून जवळच, गोविंदनगरच्या बाजाराच्या बाजूला, दहा-बारा कॉटेजचं एक साधं ठिकाण. टीव्ही नाही, स्विमिंग पूल नाही, आणि समोर खडकांमधून वाळूची एक पट्टी सरळ पाण्यात उतरलेली. ओहोटीतही गुडघाभर पाणी मिळत होतं. दरांची उतरंड आणि पाण्याची उतरंड त्या किनाऱ्यावर जुळत नव्हती. मी वहीत दोन्ही शेजारी शेजारी लिहिले. चालताना पायांना वाळूतल्या बारीक माश्या चावल्या, आठवडाभर खाज होती. तेही लिहिलं, कारण लहान मुलं असलेल्यांना ते सांगायलाच हवं.

गोविंदनगरात जेवायला बाहेर पडता येतं. बंगाली खानावळी आहेत, मासळीची थाळी रिसॉर्टपेक्षा कितीतरी स्वस्त. म्हणून तिथे मी सीपी घेते, म्हणजे खोली आणि नाश्ता. राधानगर किंवा कालापत्थरच्या बाजूला राहायचं तर एमएपी, रात्रीचं जेवण धरून, कारण अंधार पडल्यावर रिक्षासाठी ताटकळावं लागतं. कमी दराच्या मोहात लांबच्या रिसॉर्टला सीपी घेतलं की चार रात्री तिथल्याच मेनूकार्डावर जेवावं लागतं. बेटावर बराचसा माल बोटीने येतो, तो खर्च ताटात उतरतोच.

आणि कर. २२ सप्टेंबर २०२५ पासून साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीला जीएसटी ५ टक्के आहे, त्याच्या वर १८ टक्के. मी काकांसारख्या माणसांना कागदावर मांडून दाखवते. ७,४०० ची खोली करासह ७,७७० ला पडते. ७,९०० ची पडते ९,३२२ ला. पाचशेचा फरक रात्रीला १,५५२ चा झाला. ज्या हॉटेलात साडेसात हजारांवरच्या खोल्या विकल्या जातात, तिथल्या रेस्टॉरंटच्या बिलावरही १८ टक्के लागतो, एरवी ५. आमच्या धंद्यात अजून रात्रीचा करपूर्व दर तोंडावर फेकायची पद्धत आहे. मला ती आता सहन होत नाही. मी पूर्ण कुटुंबाचा, सगळ्या रात्रींचा, जेवण, बोट, रिक्षा आणि कर धरून एकच आकडा देते. चोवीस आणि एकतीस डिसेंबरला बऱ्याच ठिकाणी गाला डिनर सक्तीचं असतं, माणशी वेगळे पैसे. तेही त्याच आकड्यात. आकडा मोठा दिसतो, काही जण उठून दुसरीकडे जातात. जाऊ देत.

शेवटची रात्र कधीही हॅवलॉकला ठेवत नाही. हवा बिघडली की बोटी रद्द होतात आणि विमान काही थांबत नाही.

फोटोंबद्दल मी हट्टी झालेय. जाहिरातीतला फोटो भरतीचाच असणार, कुणीही ओहोटीचा लावणार नाही. म्हणून बुकिंगआधी रिसेप्शनला फोन करून सांगते, आज ओहोटी इतक्या वाजता आहे, त्या वेळी पायरीवर उभं राहून समोरचा एक मिनिटाचा व्हिडिओ पाठवा. जो पाठवतो त्याच्याशी पुढे बोलते. गुडघ्याची माणसं असली तर खोली ते जेवणघर हा रस्ताही चालत दाखवायला सांगते. काही कॉटेज खांबांवर असतात, पाच-सहा उंच पायऱ्या आणि कठडा नाही. काकूंच्या खोलीला दोनच पायऱ्या होत्या. तेही मी विचारलं नव्हतं, ते नशिबाने मिळालं होतं, आणि हे आठवलं की अजून पोटात कालवतं.

रोज कुणीतरी येतं आणि म्हणतं, ताई, पैसे वसूल होईल असं सांगा. मी आता आधी विचारते, पाण्यात कोण कोण उतरणार, आणि कसं. पोहणारी तरुण मुलं असतील तर त्यांना आत कुठेतरी गावात स्वस्त खोली घ्या, स्कूटर भाड्याने घ्या, दिवसभर राधानगरला जा असं सांगते. एलिफंट बीचला प्रवाळ बघायला बोटीने जायचं तर जेट्टीजवळची खोली सोयीची. सूर्योदय खाटेवरून पाहायचा असेल तर पूर्व किनाऱ्याला पर्याय नाही, साडेपाच-सहाला आकाश पेटतं. पण रिसॉर्टच्या दारातच दिवसभर समुद्र हवा असेल, तर आधी तारखा बदलून अष्टमीच्या आसपास आणाव्या लागतात, मग रिसॉर्ट.

मार्चमध्ये काका पुन्हा ऑफिसात आले. सोबत काकू आणि काकूंची धाकटी बहीण, तीही बार्शीची, तिलाही पाण्यात बसायचं होतं. मी चहा सांगितला, कोष्टकाची फाइल उघडली. काकांनी पिशवीतून कालनिर्णय काढून माझ्यासमोर ठेवलं आणि बोट ठेवून म्हणाले, "ही अष्टमी. चार वाजता पाणी वर येईल, बरोबर ना?"

मी कोष्टकात पाहिलं. पाच मिनिटांचा फरक होता.