सव्वाआठ फुटांची कात, पावणेसात फुटांचा बोआ

सिंहगड रस्त्यावरच्या एका गृहनिर्माण सोसायटीत गेल्या उन्हाळ्यात सुक्या कचऱ्याच्या डब्यातून सव्वाआठ फूट लांबीची सापाची कात निघाली आणि दुपारपर्यंत ‘ड्रेनेजमध्ये अजगर शिरला आहे’ ही बातमी तिथल्या सगळ्या इमारतींत पोहोचली. बोलावलेला सर्पमित्र अनुभवी होता. चेंबरची झाकणे उघडायच्या आधी त्याने कातीच्या दोन्ही टोकांचे फोटो मला पाठवले. आपल्याकडच्या अजगराच्या शेपटीखाली खवल्यांच्या दोन ओळी असतात, या कातीवर एकच होती. डोक्यावरही अजगराला असतात तसे मोठे खवले नसून सगळे बारीक होते. म्हणजे हा साप मुठेच्या काठावरून आलेला नव्हता. तो मध्य किंवा दक्षिण अमेरिकेतला बोआ कॉन्स्ट्रिक्टर होता आणि सोसायटीतल्याच कोणाच्या तरी घरात राहत होता.

पाळीव पक्षी आणि सरपटणारे प्राणी यांच्यावर उपचार करणारा पशुवैद्य म्हणून पुण्यात मला असे फोन येतात, पण मी तिथे पोहोचेपर्यंत तिसऱ्या मजल्यावरचा एक तरुण स्वतःहून खाली येऊन ‘साप माझा आहे’ असे सांगून मोकळा झाला होता. त्याच्या हातात केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश संकेतस्थळावरील नोंदणीची छापील प्रत होती. वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ साली झालेल्या दुरुस्तीनंतर बोआसारखे परदेशी प्राणी चौथ्या अनुसूचीत आले आणि २०२४ च्या नियमांनी त्यांची नोंदणी बंधनकारक केली. ते त्याने रीतसर केले होते. समितीला मात्र कागदात रस नव्हता. सचिवांनी मोबाइलवर कुठेतरी ‘साडेअठरा फूट’ हा आकडा वाचला होता आणि त्यांचा प्रश्न एकच होता, ‘‘डॉक्टर, आज सव्वाआठ फूट आहे, तर हा शेवटी किती होणार?’’

साडेअठरा फुटांचा तो आकडा जुना आहे. त्रिनिदादमधल्या एका सापावरून तो पुस्तकांत आला आणि अनेक वर्षे एकातून दुसऱ्यात उतरवला गेला. पुढे तो साप बोआ नसून अ‍ॅनाकोंडा असल्याचे स्पष्ट झाले. खऱ्या बोआची तेरा फूट लांबीसुद्धा अतिशय दुर्मीळ. पण सचिवांच्या प्रश्नातला पहिला भागही चुकीचा होता, आणि तो जागेवरच दाखवता येण्यासारखा होता. साप कात टाकतो तेव्हा खवल्यांच्या मधल्या, एरवी घडी होऊन दडलेल्या त्वचेचा थरही कातीबरोबर निघतो. ओलसर असताना तो ताणला जातो आणि वाळल्यावर तसाच राहतो. कातीवरून सापाची लांबी ठरवणे हे धुवून सैल झालेल्या स्वेटरवरून माणसाचे माप घेण्यासारखे आहे.

वर घरात गेल्यावर मी साप बाहेर काढायला सांगितला. मोजण्यासाठी सापाला दोन्ही टोकांना धरून ताणणे, जसे व्हिडिओंमध्ये सर्रास दिसते, ते त्याच्या मणक्यांना घातक असते. मी त्याला फरशीवर सरकू दिले, पाठीच्या कण्याच्या रेषेवरून सुतळी धरत गेलो आणि ती सुतळी नंतर टेपवर मोजली. पावणेसात फूट भरले. सचिवांनी स्वतः पुन्हा मोजून पाहिले आणि तेवढेच भरल्यावर ते थोडे नाराज झाल्यासारखे मला वाटले.

मला काळजी वाटली ती वजनाची. उशीच्या अभ्र्यात घालून काट्यावर टांगल्यावर आठ किलो दोनशे ग्रॅम दिसले. या लांबीला मी पाच ते सहा किलोची अपेक्षा धरतो. वळताना अंगावर घड्या पडत होत्या आणि शेपटीच्या सुरुवातीला चरबीचे उंचवटे होते. चार वर्षांपूर्वी दीड फुटाचे पिल्लू घेतल्यापासून हा मुलगा दर आठवड्याला न चुकता उंदीर देत आला होता, आणि साप मोठा होत गेला तसा उंदीरही मोठा. पिल्लाला ते चालते. मोठ्या बोआला मात्र तीन-चार आठवड्यांतून एक खाणे पुरते. जास्त खाऊ घातल्याने साप लवकर वाढतो खरा, पण यकृतात चरबी साठते आणि आयुष्य घटते.

‘‘सर, विकणारा म्हणाला होता की पाच फुटांवर थांबतो, आणि टाकी लहान ठेवली तर तेवढाही होत नाही,’’ तो म्हणाला. टाकी पाहून साप वाढ थांबवतो ही समजूत या छंदातली सगळ्यांत त्रासदायक समजूत आहे. उपासमार किंवा थंडी यांनी वाढ खुंटते. काचेच्या भिंतींनी फक्त सापाचे नाक सोलवटते. याच्या सापाच्या नाकाचेही तेच झाले होते, कारण तो अजून तीन फुटांच्या टाकीतच होता. पाच फुटांचे बोलणे मात्र निव्वळ खोटे नव्हते. मध्य अमेरिकेतल्या बोआचा नर पाच-सहा फुटांवर राहू शकतो, होंडुरासजवळच्या बेटांवरचे काही बोआ तर त्याहून लहान असतात. पण त्याच जातीची मादी सहा ते आठ फूट होते आणि दक्षिण अमेरिकेतल्या लाल शेपटीच्या बोआची मादी नऊ-दहा फुटांपर्यंतही जाते. या सापाच्या शेपटीच्या मुळाशी असलेल्या, मागच्या पायांचे अवशेष असणाऱ्या नख्या अगदी बारीक होत्या. लिंग ओळखण्यासाठी शेपटीच्या मुळाशी शलाका, म्हणजे बारीक बोथट सळई, घालून पाहिले तर ती तीन खवल्यांपलीकडे गेली नाही. साप मादी होता. बोआ अंडी घालत नाही, एका वेळी वीस-पंचवीस किंवा त्याहूनही अधिक जिवंत पिल्लांना जन्म देतो, आणि त्यांतली साधारण निम्मी माद्या असतात. सगळी पिल्ले ‘पाच फुटी’ म्हणूनच विकली गेली असतील, तर आणखी काही घरांत हेच घडणार हे उघड आहे.

इतका वेळ स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या त्याच्या आईने मग विचारले, ‘‘आणि हे जगतं किती वर्षं?’’

मी वीस ते तीस सांगितले. अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या प्राणिसंग्रहालयातला एक बोआ चाळीस वर्षांहून अधिक जगला होता, हेही सांगितले. त्यांनी मुलाकडे पाहिले. ‘‘म्हणजे तुझी मुलं कॉलेजात जातील तेव्हाही हे इथेच,’’ एवढेच त्या म्हणाल्या. लांबी आता फार तर फूटभर वाढेल, पहिल्या तीन वर्षांचा वेग पुन्हा येणार नाही, हे मी सांगितल्यावर त्यांनी थेट नव्या पेटीची मापे विचारली. सहा फूट लांब, दोन फूट रुंद, पुढे सरकत्या काचा आणि कुलूप. एका टोकाला बत्तीस अंशांच्या आसपास उष्णता, दुसरे टोक थंड, आणि पुण्यातल्या डिसेंबर-जानेवारीच्या रात्रींसाठी थर्मोस्टॅट. भिंतीलगतचा दिवाण काढला तर एवढी जागा निघत होती.

समितीने साप ठेवू दिला, दोन अटी लिहून घेऊन: पेटीला कायम कुलूप असावे आणि कात कचऱ्यात टाकू नये. तिसरी अट माझी होती, की साप बाहेर काढताना घरात दोन मोठी माणसे असावीत, कारण एवढ्या वजनाचा साप दंडाला वेढा घालून घट्ट धरू लागला तर एकट्याने सोडवणे अवघड जाते. दिवाळीनंतर मुलगा त्याला माझ्याकडे घेऊन आला तेव्हा वजन सात किलो तीनशे होते, नाकाची जखम भरली होती आणि लांबी जेमतेम दोन इंचांनी वाढली होती.