माझा अनुभव : हप्ता 'जमा', पासबुक कोरं

५ ऑक्टोबर २०२४ ला पंतप्रधान आमच्याच वाशीममध्ये आले आणि पीएम किसानचा अठरावा हप्ता इथूनच सुटला. सोबत राज्याच्या नमो शेतकरी योजनेचा पाचवा. दोन्ही मिळून ४,००० रुपये. सोयाबीन सोंगणीचे दिवस, मजुरी चुकवायची होती. गावात जो तो मोबाइल काढून मेसेज दाखवत होता. आमच्या मायचा फोन गप्प.

"इथूनच बटन दाबलं ना, मंग आपल्यालेच काहून नाही?"

पासबुक भरून आणलं तर जूनचा सतरावा हप्ताही नव्हता, ऑगस्टमधला नमोचाही नाही. पेरणीच्या धांदलीत आम्ही पाहिलंच नव्हतं.

मला वाटलं, ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ओळख पटवणं, तीच अडली असेल. निंदण-वेचणीत मायचे अंगठे इतके घासलेत की मशीन ते सहजी घेत नाही, म्हणून आधीच अ‍ॅपवर चेहरा दाखवून ती केली होती. पोर्टलवर पाहिलं : ई-केवायसी होय, जमिनीची नोंद होय, आधार सीडिंग होय, हप्ता जमा. कृषी कार्यालयात म्हणाले, आमच्याकडून पैसे गेले, बँकेत विचारा. बँकेत म्हणाले, आधार लिंक आहे, पैसे आले नाहीत, कृषीत विचारा. असे तीन चकरा मारल्या. दर चकरीला एक दिवस आणि एसटीचं भाडं. गंमत म्हणजे दोघंही खोटं बोलत नव्हते.

उलगडा केला सेवा केंद्रातल्या पोरानं. आधार कितीही खात्यांना लिंक असू शकतं, पण सरकारी पैशासाठी सीडिंग, म्हणजे पैसा कुठं जायचा ती नोंद, एकाच खात्याला असतं, आणि जे शेवटी जोडलं तेच चालतं. फॉर्मात कोणता खाते क्रमांक लिहिलाय याला मग किंमत नाही. त्यानं 'माय आधार'च्या साइटवर 'बँक सीडिंग स्टेटस' उघडलं. ओटीपी टाकला आणि समोर भलत्याच बँकेचं नाव. आम्ही कधी पायरी न चढलेली बँक. खाली तारीख, मे महिन्यातली.

मायला आठवलं. मे महिन्यात बाजारात छत्रीखाली बसलेल्या पोराकडून तिनं नवं सिम घेतलं होतं. "त्यानं चार-पाच खेपा अंगठा लावाले लावला. म्या म्हटलं, उमटत नसन."

एक खेप सिमची, एक खात्याची.

पैसे मात्र सुखरूप होते, चार हप्त्यांचे ८,०००. काढायचे कसे? अंगठ्यानं. म्हणजे पुन्हा तेच! शेवटी त्याच सिमवर त्या बँकेचं अ‍ॅप टाकून रक्कम जुन्या खात्यात वळवली. मग आमच्या बँकेत सीडिंगचा संमतीपत्राचा फॉर्म भरला. तिथं 'लिंक करा' म्हणू नका, 'डीबीटीसाठी (सरकारी पैसा थेट खात्यात येण्यासाठी) सीडिंग करा' असंच म्हणा, नाहीतर क्लार्क मान हलवून परत पाठवतो. फॉर्मची पोच घ्या आणि काही दिवसांनी त्याच साइटवर बँकेचं नाव बदललं का ते बघा. आमचं बदलायला आठ दिवस लागले.

मजुरी तोवर उसनवारीनं भागवली होती. हप्त्यांचे हे पैसे गेले तुरीच्या फवारणीत.

२४ फेब्रुवारी २०२५ ला एकोणिसावा हप्ता आला, मायच्याच खात्यात. आता रेशन दुकानातही ती अंगठा मुठीत दाबून आधी विचारते, "हा कायचा हाय?"